मुगाच्या लाडवातला शेंगदाणा

आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. कारण मी जे करून बसलो ना, ते फक्त शिकलेला माणूसच करू शकतो. बाकीच्यांची तेवढी हिंमतच होत नाही!

मी निखिल, अन्नतंत्रज्ञानाचा पदवीधर, राहणार पिपरी मेघे. पवनारला सुमनकाकूंचा महिला गट आहे. शेजारशेजारच्या दोन खोल्या. एकीत शेंगदाण्याची चटणी, दुसरीत मुगाचे लाडू. नागपूरच्या एका बालवाडीला रोज लाडू हवे होते. पण तिथल्या एका चिमुरडीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. एक कण पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास अडकतो. म्हणून अट अशी, की लाडवात शेंगदाण्याचा अंशही नको आणि तपासणीची रोज नोंद हवी. हे काम मिळालं तर गटातल्या बायांना बारा महिने काम. काकूंनी मला बोलावलं ते यासाठी.

आणि पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं! चटणीच्या खोलीत झाऱ्याला लाल धागा, पातेल्याला लाल धागा, अहो, खराट्यालाही लाल धागा! भिंतीवर गेरूच्या रेघाच रेघा. चटणीवाली बाई लाडवाच्या खोलीचा उंबरठा ओलांडायची नाही. ओलांडायचाच झाला तर आंघोळ करून, लुगडं बदलून.

सांगा, या जमान्यात हे सोवळं? माझ्यातला सुधारक खवळला. मी उभ्या उभ्या भाषण ठोकलं. विज्ञान, विवेक, अंधश्रद्धा, काही म्हणून सोडलं नाही. मग कात्री घेतली आणि सगळे धागे कापले. भिंतीला चुना मारला. अन् पिशवीतून टॅबलेट काढला.

"काकू, आजपासून नोंद यात. प्रत्येक बाई आपल्या बोटानं टिक करणार. मी स्वतः दोन्ही खोल्यांत घेऊन फिरणार."

काकूंनी टॅबलेट नीट न्याहाळला. "एकच हाये का रे हे?"

"एकच पुरतो."

"मंग तिकडचं इकडं नको आणू बापा. तिकडच्या बायांचे हात…"

"काकू! यंत्राला सोवळं नसतं!"

सगळ्या बाया आपापल्या कामाला लागल्या. मला वाटलं, पटलं त्यांना.

तपासणी तशी सोपी. ओला बोळा टेबलावर फिरवायचा, द्रवात बुडवायचा, थेंब पट्टीवर टाकायचा. एक रेघ उमटली तर सगळं ठीक. दोन उमटल्या तर शेंगदाणा. दोन्ही खोल्यांत टॅबलेट फिरवून झाल्यावर मी लाडवाचं टेबल तपासलं.

दोन रेघा.

लाडू वळणाऱ्या रेखाताईंनी पट्टीत डोकावून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "अवं माय! टेबलाले दिवस गेले!"

"कोनाचं हाये व?" मागून कुणीतरी विचारलं.

"पेढे आन रे निखिल!"

हसा, हसा. मी मात्र पेटलो होतो. टेबल सोड्यानं घासून घेतलं. त्या चकचकीत टेबलावर टॅबलेट टेकवून मोठ्या थाटात नोंद केली: टेबल स्वच्छ. मग पुन्हा बोळा फिरवला. पुन्हा दोन रेघा!

मग तूप बदललं. मूग बदलले. चाळणी नवी आणली. बायांच्या बांगड्या उतरवल्या. रोज घासायचं, रोज नोंद करायची, रोज तपासायचं, आणि रोज दोन रेघा. शेवटी मी रेखाताईंचा जेवणाचा डबाच उघडायला सांगितला.

"कायले?"

"शेंगदाण्याचा कूट आहे का, बघायचंय."

"आलूवांग्याची भाजी हाये," रेखाताईंचा आवाज चढला. "आमी का चोऱ्या करून राह्यलो? उद्यापासून मी नाई येत, जाय!"

आणि नेमक्या त्याच क्षणी दारात बालवाडीच्या मॅडम उभ्या. तपासणीला आल्या होत्या, स्वतःच्या पट्ट्या घेऊन.

मॅडमनी टेबलावर बोळा फिरवला. दोन रेघा. त्यांनी बॅगेची चेन लावली. बाया खाली मान घालून उभ्या. बारा महिन्यांचं काम दारातून बाहेर चाललं होतं.

"मॅडम," काकू म्हणाल्या, "एक पट्टी वाया गेली त चालते का? त्याच्या हातातल्या त्या पाटीले पुसून पाहा."

मी हसलो. हो, चक्क हसलो! माझ्या तपासणी यादीत झाऱ्यापासून खराट्यापर्यंत एकेचाळीस वस्तू होत्या. टॅबलेट त्यात नव्हताच.

मॅडमनी टॅबलेटच्या काचेवर बोळा फिरवला. रेघा इतक्या ठसठशीत उमटल्या, की चष्म्याशिवायही दिसाव्यात.

रेखाताईंनी टाळीच दिली. "घ्या! बाप सापडला!"

चटणीनं भरलेली बोटं टॅबलेटवर. तोच टॅबलेट लाडवाच्या टेबलावर. बायांनी उंबरठा एकदाही ओलांडला नव्हता. रोज वीस वेळा ओलांडणारा मीच होतो, शेंगदाण्याला कडेवर घेऊन!

मॅडमनी काकूंना विचारलं, "तुम्ही आधी कसं सांभाळत होता?"

"माह्या भाचीचं तोंड सुजलं होतं, चटणीचा झारा तिच्या ताटात गेलता म्हून. तवापासून शेंगदान्याले लागलं त्याले लाल धागा. चटणी कुटली का भिंतीवर एक रेघ. आजची रेघ दिसली का आज तिकडच्यानं इकडं यायचं नाई."

"मग ती नोंद कुठंय?"

काकूंनी पांढऱ्याफेक भिंतीकडे बोट केलं. "यानं चुना मारला."

"काकू, मला आधी सांगायचं ना!" मी पुटपुटलो.

"सांगतलं ना. तू भाषन देऊन राह्यलता."

मॅडमनी आठ दिवस दिले. दोन खोल्यांना दोन टॅबलेट आले, चटणीकडच्याला लाल धागा. भिंतीवर गेरू परतला. रेखाताईंची मी कान धरून माफी मागितली, तेव्हा त्या परत आल्या. आठव्या दिवशी मॅडमच्या पट्टीवर एकच रेघ उमटली आणि काम मिळालं!

फक्त काकूंची एक अट होती. चटणीच्या खोलीत गेलेल्या प्रत्येक वस्तूला धागा, म्हणजे मलाही. ज्या दिवशी धागा, त्या दिवशी लाडवाचा उंबरठा बंद.

परवा तसाच वर्ध्याला चहाच्या टपरीवर गेलो. तिथं प्रशांत भेटला. कॉलेजात माझी अंधश्रद्धेवरची सगळी भाषणं ऐकून कंटाळलेला प्राणी. त्याची नजर थेट माझ्या मनगटावर गेली.

"काय बे! तू अन् लाल धागा? कोनत्या देवाचा हाये?"

"देवाचा नाई बे. लेबल हाये."

"काय लिवलं हाये त्याच्यावर?"

मी हात खिशात घातला.

"यात शेंगदाण्याचे अंश असू शकतात."