पिवळी पडलेली कड

सदाशिव पेठेतून निघताना बाबांनी बजावलं, "वर्णन करत बसू नकोस. दिसायचं ते मी बघीन." काचबिंदूनं त्यांची नजर आक्रसत चालली आहे. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण समुद्रातलं मोठं हिरवं शेवाळ पाण्यात बी सोडतं ते स्वतः कधी पाहिलं नाही. वर्गात कायम कागदावर चिकटवलेला वाळका नमुना. डोळे आहेत तोवर ते पाहायचं, म्हणून हा प्रवास.

ताम्हिणी घाट उतरताना मला धास्ती होती. हे शेवाळ पावसाळा सरला की खडकांवर धरतं, थंडीभर वाढतं आणि ऊन तापलं की वाळून जातं. माघातली अमावास्या आली होती. उशीर तर झाला नसेल?

दुपारी कोकणात किनाऱ्यावर पोचलो तर खडक पाण्याखाली. कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला आलेली एक बाई म्हणाली, "सुकती (ओहोटी) लागू दे, मग उतरा. आजोबांना घट्ट धरा हां!" आम्ही घावने खात वाट पाहिली.

संध्याकाळी पाणी पार आत गेलं. हातभर लांब, पातळ हिरवी पानं खडकांवर लोळत होती. बाबा गुडघ्यांवर बसले.

"कडा कशा आहेत?"

"पिवळसर."

"म्हणजे बी तयार आहे. कडेचंच बी होतं." रात्रभर ओलसर अंधारात ठेवून सकाळी उजेडात समुद्राचं पाणी दिलं की ते बी सोडतं, असं त्यांनी सांगितलं. पानं ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली, समुद्राचं पाणी बाटल्यांत भरलं आणि पुण्याला परतलो.

सकाळी उठून पाहते तो ओट्यावरचा डबा रिकामा. "कोकणातली भाजी ना?" वहिनी म्हणाली. "निवडून, नळाखाली धुवून ठेवली. पिवळ्या कडा तेवढ्या आधीच काढून टाकल्या."

"वा. नेमकं हवं तेवढंच टाकलंस," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला रडू आलं.

मग मी ओल्या कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर पालथी केली. वहिनीही खाली बसली. चहाच्या चोथ्यातून, मटाराच्या सालांतून आम्ही एकेक पिवळी पट्टी वेचली, काचेच्या भांड्यात समुद्राच्या पाण्यात सोडली आणि भांडं खिडकीत ठेवलं. पट्ट्या खोलीच्या बाजूला तळाशी बसल्या. नळाला येणाऱ्या खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात न्हालेल्या पानांचा आता उपयोग नव्हता.

बऱ्याच वेळानं पाणी गढुळलं. खिडकीकडच्या काचेवर बारीक हिरवी रेघ धरली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाबांनी नाक काचेला लावलं, बोट नेमकं रेघेवर टेकवलं.

"उजेडाकडे पोहतंय," ते पुटपुटले.

एवढा घाट उतरून-चढून गेलो, आणि पाहायचं ते घरच्याच खिडकीत. पण बाबांना खरंच दिसलं, की पाठ होतं म्हणून म्हणाले? वहिनीलाही तेच वाटलं असावं. बाबा चष्मा धुवायला आत गेले तेवढ्यात तिनं भांडं हलकेच फिरवलं. रेघ खोलीच्या बाजूला आली, विरली, आणि हळूहळू पुन्हा उजेडाच्या बाजूला उमटली.

बाबा परत आले, चष्मा चढवून वाकले. बोट काचेवरून सरकत गेलं आणि थांबलं.

"भांडं कुणी फिरवलं?" त्यांनी विचारलं. "टाकलेल्या पट्ट्या मघाशी खोलीकडे होत्या, आता खिडकीकडे आहेत."