साठ किकांची आगाऊ माफी

मृण्मयीची किक माझ्या हातातल्या पॅडवर टेकली. तिनं लगेच वाकून पॅडला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"सॉरी सर, पाय लागला."

"अगं, पाय लावायलाच तर बोलावलंय!"

मी उज्जैनला माधव नगरात तायक्वांदो शिकवतो. म्हणजे लाथा मारायला शिकवतो. क्लासमध्ये आम्ही सभ्यपणे किक म्हणतो. कॉलेजात जाणारी मृण्मयी माझी सगळ्यात चपळ खेळाडू. पण कुणाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. मागच्या निवड चाचणीत तिनं सुरेख किक मारली, वाकून समोरच्या मुलीला नमस्कार केला, आणि तेवढ्यात त्या मुलीनं तिच्या वाकलेल्या डोक्यावर किक मारून पॉइंट घेतले.

आता रविवारी शेवटची चाचणी होती. आमच्या क्लासचा हॉल ज्या शाळेचा, तिथल्या प्रिन्सिपल मॅडमनीही मला बजावलं होतं, "सरजी, इस बार एक भी सिलेक्शन नहीं हुआ, तो हॉल झुंबावालों को दे देंगे."

मी निदान केलं: पॉवर कमी पडतेय. किकची ताकद पायात नसते, कंबरेत असते. जमिनीवरच्या पायाची टाच फिरली की कंबर फिरते, आणि कंबर फिरली की किक लागते. दोन आठवडे मी तिची कंबर फिरवून घेतली. कंबर झकास फिरायची. पाय मात्र शेवटच्या क्षणी मांजराच्या पावलानं टेकायचा. वर नमस्कार.

म्हटलं, समोर माणूस नको, वस्तू ठेवू. नेम धरायला सरावाच्या टांगत्या बॅगवर वर्तमानपत्र चिकटवलं.

"सर, अक्षरं आहेत. सरस्वती."

बरं. दोऱ्याला झेंडूचं फूल टांगलं. देवळांच्या गावात फुलाला लाथ! तिनं कानच पकडले. मग माझ्या सुपीक डोक्यातून लिंबू निघालं. टांगलेलं लिंबू बघून अख्खा क्लास तीन फूट मागं सरकला. एका मुलाच्या आईनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, किसी ने कुछ कर दिया क्या?"

शुक्रवारी मृण्मयीची आई तिला न्यायला आली. मी रडगाणं गायलं. वहिनींनी भाजीची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"एवढंच ना? मृण्मयी, सकाळी पलंगावरून उतरण्याआधी धरणीमातेची माफी मागतेस की नाही?"

"मागते."

"मग दिवसभर बिनधास्त चालतेसच ना तिच्यावर? तसंच इथं. आधीच मागून टाक!"

मृण्मयीनं पॅडला हात लावला, कपाळाला लावला. "सर, आज साठ किका आहेत ना? साठांची एकदम."

मला हसू आलं. तिच्या किका मी एका हातानं झेलायचो. दुसऱ्या हातात चहा असायचा. त्या दिवशीही तसाच उभा राहिलो. त्यात दारात मॅडम आल्या. मी ऐटीत मान वळवली. "देखिए मॅडम, असली पॉवर कमर से..."

बाकीचं वाक्य मॅटच्या ढिगाऱ्यात गेलं. चहा मॅडमच्या साडीवर. कमर गेली ती माझी.

"सर, लागलं का?" मृण्मयी धावत आली. वाकली मात्र नाही. "अजून एकोणसाठ राहिल्यात."

रविवारी मी कंबरेला पट्टा बांधून खुर्चीत बसलो होतो. तिनं मॅटवर जाण्याआधी एकदाच नमस्कार केला, मग एकदाही वाकली नाही. सिलेक्शन झालं. हॉलही राहिला, पण हॉलमध्ये माझ्या चहाला कायमची बंदी आली.

"किती किकांची माफी मागितली होतीस?" मी विचारलं.

"शंभर. लागल्या अकराच. उरलेल्या सोमवारी तुमच्याकडे, सर."

तेव्हापासून मी पॅड दोन्ही हातांनी धरतो. आणि कुणाची किक अडली, की कंबर तपासण्याआधी त्याच्या आईला विचारतो.