वीस पावलांचा पंख

घंटेच्या मनोऱ्याखालच्या बागेत तीस वर्षं राबली, पण मनोऱ्यावर एकदाही चढली नाही, अशी आमची माळीणबाई. तिकीटवाला रोज डिवचायचा, "बाई, फुकटात सोडतो, जा की वर!" हिचं उत्तर ठरलेलं, "गुडघे कोण देणार, तुझा बाप?"

गुडघे म्हणजे निव्वळ बहाणा हो! खताची पोती हीच बाई एकटी ओढायची. खरं कारण वेगळंच. नवरा-बायको दोघं इथलेच माळी. वरून बघितलं की फुलपाखरू दिसेल असे वाफे आखायचे, हा नवऱ्याचा हट्ट. "दोन्ही पंख होऊ देत, मग जोडीनं वर जाऊ," म्हणाला. डावा पंख आखून, कडेनं विटा लावून झाला, आणि गडी झोपेतच गेला. उजवा हिनं एकटीनं आखला. टेप वगैरे त्यांनी कधी वापरलीच नाही. नवरा सांगून गेला होता, वीस पावलं लांब, बारा रुंद. हिनं तेवढी पावलं चालून विटा पुरल्या. पण आता वर जायचं कुणाबरोबर? अकरा वर्षं अशीच गेली.

मग कागद आला, सोमवारी वाफे मोडून हिरवळ करणार. रविवारी बाईनं नवी चप्पल घातली आणि रीतसर तिकीट मागितलं. तिकीटवाला चेष्टा विसरला. "सावकाश जा," एवढंच म्हणाला.

वर पोचेपर्यंत छातीचा भाता झाला. कठडा धरून ती खाली वाकली. फुलपाखरू होतं खरं, पण लंगडं. डावा पंख ऐसपैस, उजवा आखूड. नवरा ताडमाड, ही त्याच्या खांद्याला जेमतेम लागायची. वीस पावलं कुणाची, हे मेलं डोक्यातच आलं नव्हतं! आणि इतक्या वर्षांत एकजण बोलेल तर शपथ.

शेजारी एक तरुण जोडपं होतं. मुलगी म्हणाली, "अय्या, चुकलंय बघ हे. एक पंख लहान आहे."

"चुकलं नाही गं," बाई म्हणाली. "मोठा त्यांचा, धाकटा माझा."

"कुणाचा, आजी?"

बाईनं घाम पुसला, घसा साफ केला. "अगं, ते असे लांब ढांगा टाकायचे ना..." म्हणत वळली, तर दोघं पलीकडे जाऊन रस्त्याचे फोटो काढत होते.

उरलेलं मग तिनं कठड्यालाच सांगितलं, अगदी सविस्तर, खालचं फाटक बंद व्हायची वेळ होईपर्यंत.