पार्बताबाईची सही

राजापेठेच्या फूलबाजारात पार्बताबाईला शिळं फूल कोणी विकून दाखवावं! तीस वर्षं हार ओवले बाईनं. कपाशीनं दगा दिला म्हणून झेंडू लावलेले शेतकरी सकाळी टोपली घेऊन येत. ती देठ दाबून बघे अन् म्हणे, "हे कालचं हाय भाऊ, मले नको शिकवू." तोंडाची फटकळ, पण व्यवहाराला चोख. अशा बाईला पोटच्या पोरानं दोन महिने फसवलं.

त्याचं झालं असं. तिचं पोट दुखायला लागलं, कळ थेट पाठीत जाई, जेवण तुटलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मुलाला, सागरला, एकट्यालाच आत बोलावलं अन् सांगितलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. बाहेर येऊन सागर म्हणाला, "माय, खडा हाय. डॉक्टर मशीननं फोडून देते."

आपल्याकडे रीतच आहे ही मेली! ज्याचं दुखणं त्याला सोडून साऱ्या गावाला सांगायचं. का, तर म्हणे हिंमत खचते. अरे, कोणाची? सांगणाऱ्याचीच! तिच्या बहिणीला कळलं, शेजाऱ्यांना कळलं, फुलांच्या ओळीतल्या बाया तिला पाहून डोळ्याला पदर लावू लागल्या. अन् पार्बताबाई खडा पडावा म्हणून रोज कुळथाचं पाणी पीत बसली.

शेवटी सोसवेना, तेव्हा ती हट्टानं सागरला घेऊन अकोल्याला गेली. पुन्हा तपासण्या झाल्या. "डॉक्टर, तो खडा फोडा एकदाचा," ती म्हणाली.

डॉक्टर सागरकडे वळले. "यांना सांगितलं नाही? मुंबईच्या दवाखान्यासाठी पत्र देऊन दोन महिने झाले. पेशंटनं आजार समजून स्वतः सही करायची, असं लिहिलं होतं त्यात."

पत्र सागरच्या कपाटात होतं. सही घ्यायची तर आजाराचं नाव घ्यावं लागलं असतं.

पार्बताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अन् तुमी मले काहून नाही सांगतलं, डॉक्टर? पोट तं माह्यं होतं."

डॉक्टर ओशाळले. खुर्ची ओढून पहिल्यांदाच तिच्याशी बोलले. खडा नाही, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. गाठीनं मोठ्या रक्तवाहिनीला विळखा घातलाय, चाकू लावता येत नाही. मुंबईच्या त्या दवाखान्यात सोनोग्राफीसारख्याच, पण जोरकस लहरी बाहेरून एका जागी आणतात. भिंगानं ऊन एकवटून कागद जाळावा तशी, पडद्यावर बघत बघत, गाठ जाळतात. पोट फाडत नाहीत.

"मंग मी बरी होईन?"

"नाही, मावशी. तेव्हा गाठ एकाच जागी होती, तेव्हाच जाळली असती तर कदाचित थोडे दिवस वाढले असते. आता ती यकृतात गेलीय. आता फक्त दुखणं कमी होईल, तेही बहुतेक."

दोन महिने. तेवढ्यात तिनं काय काय केलं असतं, कोणाकोणाला भेटली असती, ते तिचं तिलाच ठाऊक. मग तिनं डॉक्टरांकडे सहीचा नवा कागद मागितला.

सागर रडत होता. "माय, मी तुह्यासाठीच लपवलं."

"माह्यासाठी? मेल्यावर तरी मले सांगनार होता का रे?"

तिनं एकेक अक्षर दाबून सही केली, कागद डॉक्टरांच्या हातात दिला अन् म्हणाली, "आता जे सांगाचं ते मले सांगा. याले भायेर बसवा."