आरती चालू असताना कॉम्प्युटर जागा झाला

खंडेनवमीची सकाळ, सामरवरणीतला यार्नचा कारखाना. शेडमध्ये झेंडूच्या माळा, पुसून लख्ख केलेली मशीनं... आणि मी ऑफिसच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरसमोर.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वडिलांची बदली सिल्वासाला झाली म्हणून मराठीतलं एम.ए. घेऊन मीही आले आणि या कारखान्यात डिस्पॅचचे कागद टाईप करायला लागले. टाईपरायटर काढा, कॉम्प्युटर घ्या, हा हट्ट शेठकडे मीच धरला होता. टाईपरायटर भंगारात गेला. कॉम्प्युटर आला तो सेकंडहँड, आणि थोड्याच महिन्यांत त्याचा पॉवर सप्लाय त्रास द्यायला लागला.

वापीचा इंजिनियर बघून गेला. चालू आहे तोवर चालेल, पण एकदा बंद केला तर परत सुरू होईलच असं नाही, म्हणाला. नवीन पार्ट दसऱ्यानंतर मिळणार. आणि दसरा झाला की लगेच एक कंटेनर निघणार होता... त्याचे सगळे कागद याच कॉम्प्युटरवर व्हायचे होते.

आता अडचण अशी की खंडेनवमीला आमच्याकडे अख्ख्या कारखान्याचा मेन स्विच पाडत. हा नियम फोरमन बापूंचा. काही वर्षांपूर्वी चालू मशीनला माळ घालताना माळ आत ओढली गेली होती, आणि माळेमागून एका कामगाराचा हात. तेव्हापासून पूजेत वीज नाही, आणि मशीनला बापूंशिवाय कुणी हात लावायचा नाही.

कॉम्प्युटरला यूपीएस होता. पण त्याची बॅटरी फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरतीच टिकायची. बापूंची पूजा तेवढ्यात आटपत नसे.

पण माझ्याकडे एक गोष्ट होती! आदल्या आठवड्यात स्टार्ट मेनूत 'सस्पेंड' हा शब्द दिसला, म्हणून सहज दाबला होता. स्क्रीन काळी झाली, डिस्कची घरघर थांबली, समोरचा दिवा लुकलुकायला लागला. गेला, असं वाटून मी घाबरून स्पेसबार दाबला... आणि अर्धवट टाईप केलेलं वाक्य जिथल्या तिथे परत! कर्सरसकट.

त्या दिवशी टोकरखाड्याला घरी जाताना मी जवळजवळ पळत गेले. प्रोसेसर थांबतो, डिस्क थांबते, स्क्रीन विझते. वीज लागते ती मुख्यतः मेमरीत आहे ते धरून ठेवायला... अगदी थोडी. चालू आणि बंद यांच्या मध्ये आणखी एक अवस्था असते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

झोपलेल्या कॉम्प्युटरला यूपीएस पूजाभर पुरेल, असा माझा अंदाज होता. खात्री नव्हती.

बापू धुळ्याकडचे. त्यांना मधलं काही चालत नसे. "ताई, चालू हाये का बंद हाये, एक सांगा."

"झोपलाय, बापू."

"मशीन झोपतं व्हय?"

इलेक्ट्रिशियन दिनेशभाई मेनजवळूनच ओरडले, "रातपाळीत तुम्ही झोपता ते चालते, बेनचा कॉम्प्युटर झोपला तर काय झाला?"

बापूंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. वाकून कॅबिनेटला कान लावला. आत फक्त पंखा फिरत होता. बराच वेळ ते तसेच ऐकत राहिले. "बरं," म्हणाले, "पण पूजेत हात लावायचा नाही. तुम्ही बी नाही."

मेन पडला. शेड एकदम गप्प झाली आणि त्या शांततेत यूपीएस सावकाश बीप करायला लागला. एकेका मशीनला हळदकुंकू लावत बापू शेवटी ऑफिसात आले, मागे दाराशी सगळे दाटीनं उभे राहिले. मॉनिटरवर माळ चढली. आरती सुरू झाली.

मॉनिटर गुळगुळीत. माळ हळूहळू घसरली... आणि थेट कीबोर्डवर पडली.

स्क्रीन उजळली! डिस्क घरघरली. मी सकाळी उघडून ठेवलेली पॅकिंग लिस्ट सगळ्यांसमोर उभी राहिली. आणि यूपीएसची बीप घाईची झाली... बॅटरी संपत आल्याची.

मी हात जोडून उभी. त्या हातांनी फक्त दोन क्लिक करायचे होते आणि तेच करायचे नाहीत असं कबूल केलेलं. बापू डोळे मिटून गात होते.

मग त्यांनी डोळे उघडले. स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. गाणं न थांबवता घंटेचा हात थांबवला, तळवा गालाला लावला आणि मान कलती केली. झोपव त्याला.

मी माळ उचलली. स्टार्ट... सस्पेंड. स्क्रीन काळी झाली, दिवा लुकलुकायला लागला. बीप मात्र घाईचीच राहिली.

आणि आरतीनं वेग घेतला! बापू पुढे, बाकीचे धापा टाकत मागे. इतकी भरभर आरती मी त्याआधी ऐकली नव्हती, नंतरही नाही.

शेवटचा शब्द तोंडात असतानाच बापू ओरडले, "हात वर! सगळ्यांनी!" आम्ही सगळे हात वर करून उभे राहिलो. त्यांनी प्रत्येकाचे हात डोळ्यांनी मोजले. "दिनेशभाय, मेन चालू करा. प्रसाद मागून."

बीप थांबली. मी बापूंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, मी स्पेसबार दाबला. पॅकिंग लिस्ट. कर्सर तिथेच. कंटेनर वेळेवर गेला.

पुढच्या खंडेनवमीपर्यंत नवा पॉवर सप्लाय बसला होता. कॉम्प्युटर सरळ बंद केला असता तरी चाललं असतं. पण मेन पाडायच्या आधी बापू ऑफिसच्या दारात आले. तळवा गालाला लावून माझ्याकडे पाहिलं.

मी त्याला झोपवलं. मगच त्यांनी दिनेशभाईंना हाक मारली.