बकुळाबाईंची तेलबंदी

आमची आई, बकुळा, हिने एकदा मनात घेतलं की घेतलं. मार्चमध्ये बाबांना हार्ट अटॅक आला आणि तिने डिलाईल रोडच्या आमच्या खोलीतून तेल हद्दपार केलं. भाजी उकडलेली, आमटी बिनफोडणीची. शेजारून आलेली भजी दारातूनच परत. सांगायला जावं तर म्हणायची, "तुझं तू बघ, प्रिती."

परळच्या हॉस्पिटलात बाबांचा हृदयाचा स्कॅन होता. प्रश्न एकच, हृदयाचा खालचा भाग जिवंत आहे की मेला? जिवंत असेल तर बायपास, नाहीतर गोळ्या खात जातील तेवढे दिवस. मला एका जागी बसवत नव्हतं. मी उठले की आई म्हणायची, "पायाला भिंगरी लागलीय का? बस ना." आणि स्वतः पदराला पीळ घालत राहायची.

इंजेक्शन दिल्यावर टेक्निशियन अजित बाहेर आला. "मावशी, काकांना आता तेलकट काहीतरी खायला द्या. वडा, सामोसा, काहीही. थोड्या वेळाने फोटो काढू."

विष घाला म्हटल्यासारखं आईने त्याच्याकडे बघितलं. तो आत गेल्यावर तिने डबा उघडला. उकडलेला दुधी आणि कोरडा फुलका.

"अगं, तो काय सांगून गेला?"

"त्याला काय जातंय सांगायला? निस्तरायचं मला."

बाबा मुकाट जेवले. या घरात वाद घालणं त्यांनी कधीच सोडलंय.

फोटो काढून झाले आणि अजित कपाळाला आठ्या घालून आला. "इंजेक्शनमधलं औषध लिव्हरमध्येच अडकलंय. त्याची चमक हृदयाच्या खालच्या भागावर येतेय, तोच भाग नीट दिसत नाही. तेलकट दिलं होतं ना? त्यानेच ते पुढे सरकतं."

माझं डोकंच सटकलं. "घातलास ना घोळ? नेमका तोच भाग दिसत नाहीये, आई."

ती तडक बाहेर गेली. परत आली तेव्हा हातात तेलाने भिजलेला कागद, त्यात दोन वडे. तिने स्वतःच्या हाताने बाबांना घास भरवला.

"मिरची नाही आणलीस?" बाबा म्हणाले.

"गप खा."

पुन्हा फोटो झाले. संध्याकाळी डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "खालच्या भागातही औषध पोचलंय. स्नायू जिवंत आहे. बायपास करूया." मी तिथेच रडायला लागले. आई मात्र उठून बाहेर निघून गेली. मला राग आला, आता हिला काय झालं म्हणून मी मागे गेले.

ती भिंतीला टेकून उभी होती.

"त्या दिवशी ताटात माझ्या हातचे तळलेले बोंबील होते गं. हे नको नको म्हणत होते, मीच आग्रहाने आणखी वाढले. आणि तिथेच, ताटावरच, हे कोसळले." तिने माझं मनगट घट्ट धरलं. "म्हणजे मी नाही ना मारलं त्यांचं काळीज?"

"नाही गं आई," मी म्हणाले.

तिने पुन्हा तेच विचारलं.