डायनासोरची तुटक रेघ

हे मी कुणाजवळ बोललेले नाही — नवऱ्याजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

रत्नागिरीजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचे. एकदा वर्गात सांगितलं, सर्वांत मोठा डायनासोर म्हणजे ब्रॅकिओसॉरस. आम्हाला तेच शिकवलं होतं. दारावरून जाणारे सावंतसर थांबले आणि मुलांसमोर हसले. "काय हो बाई, अजून तिथंच? त्याच्याहून मोठे कधीच सापडले!" बरोबर होतं त्यांचं. पण त्या दिवसापासून मी 'डायनासोरबाई' झाले. मासळी बाजारातसुद्धा मागून हाक यायची. असलं काही माणूस विसरतं का हो? मी नाही विसरले.

पुढे सरांची बदली झाली. काही वर्षांनी त्यांच्याच नव्या शाळेत मी विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून गेले. पहिला नंबर जिल्ह्याला जाणार होता. सरांची मुलगी मुग्धा तेव्हा सातवीत. तिनं शाळेमागच्या कातळावर पांढऱ्या फक्कीनं अर्जेंटिनोसॉरस आखला होता — खऱ्या मापाचा. डोक्यापासून शेपटीपर्यंत चालायला मला पन्नासेक पावलं लागली. ज्या भागाची हाडं सापडली तिथं सलग रेघ, बाकी तुटक. बहुतेक अंग तुटकच होतं.

मी विचारलं, सर्वांत मोठा हाच का?

"नक्की नाही सांगता येत, बाई. हाडं थोडीच मिळालीत. बहुधा हाच."

इतकं खरं उत्तर त्या दिवशी कुणीच दिलं नव्हतं. मला ते कळत होतं — त्या अपमानानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं होतं. तरी मी सगळ्यांसमोर हसले. अगदी सरांसारखी. "बहुधा? विज्ञानात बहुधा चालत नाही. अर्धवट काम आहे हे." बोलत होते पोरीशी, पण बघत होते शेजारी उभ्या सरांकडे. स्वतःच्याच मुलीची बाजू घेतल्यासारखं दिसलं असतं, म्हणून त्यांना तोंड उघडता येईना — मला हेच तर हवं होतं ना? नंबर मी खायच्या सोड्याच्या ज्वालामुखीला दिला.

निघताना मागं वळून पाहिलं. मुग्धा फक्कीचा डबा घेऊन कातळावर ओणवी झाली होती. डोळे पुसत तुटक रेघा जोडत होती, एकेक करून, सगळ्या सलग. एक हाक मारली असती तर थांबली असती. मी ती शेपटीच्या टोकाला पोचेपर्यंत बघत उभी राहिले — आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.